कमी दाब

१० मार्च २०१९, रविवार

वैदेहीचा नवा अल्बम आज आला. दुकानात नाही, फोनवर. तिनं स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारली म्हणे. मला कळलं नाही, तेव्हा येऊन फोनच हातात दिला.

अल्बमचं नाव 'गॅप'. औरंगाबादेत हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. नळाला पाणी येतं त्या दोन दिवसांमधला तो गॅप, आणि यंदा तो वाढतच चाललाय. वैदेही आणि सुलेखा या जोडीचं नावही पाण्यावरूनच आहे, 'कमी दाब'. महापालिकेच्या निवेदनातलं उचललेलं. वैदेही संगणकावर आवाज तयार करते, सुलेखा शब्द लिहिते आणि गाते. दोघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. सुलेखा पडेगावला राहते, एका शाळेत संगणक शिकवते.

पहिल्या अल्बमात दोन गाण्यांत माझी गिटार होती. या खेपेला गिटार नाही, ड्रम नाही, हाताचं काहीच नाही. त्याचं मला वाईट वाटलेलं नाही, हे इथं लिहून ठेवतो.

मी अधूनमधून एका दैनिकाच्या पुरवणीत संगीतावर लिहितो. संपादक म्हणाले, "तुम्ही जुने रॉकवाले. तुम्हीच लिहा. मुलगी आहे हे पहिल्या ओळीत सांगून टाका आणि मग सोडू नका." म्हणून ही डायरी सुरू केली. लेखाआधी मनात काय काय येतं ते टिपायचं.

एकदा ऐकला. मनात आलेला पहिला शब्द: गुळगुळीत.

१३ मार्च, बुधवार

कंपनीच्या बसमध्ये वाळूजला जाताना पुन्हा ऐकला. बसच्या आवाजात काही कळेना. खालचा ठोका तेवढा ओळखीचा झालाय, विशेषतः तिसऱ्या गाण्यातला. चालता चालता थांबतो, पुन्हा चालतो. बाईला डोक्यावरची घागर सांभाळत उंबरा ओलांडायचाय, तसा.

पण वर काही नाही. आमच्या बँडमध्ये मुजीब झांज वाजवायचा तेव्हा हवेत कचकचीत चमक उठायची. इथं सगळं मऊ गोधडीखाली ठेवल्यासारखं. संगणकानं केलं की असंच होत असणार. यंत्राला धार कुठून येणार?

यंत्रांचं मला शिकवू नये कुणी. सव्वीस वर्षं प्रेस शॉपमध्ये आहे, पत्रा दाबून भाग काढतो. कानात बोळे घालायचा नियम आहे, मी घालत नाही. बोळे घातले की डाय, म्हणजे साचा, कधी बिघडतेय ते आवाजावरून ओळखता येत नाही. गेल्या महिन्यात मात्र एका डायचा चिरका आवाज नव्या इंजिनिअरनं आधी पकडला. मला तरी तो आला नव्हता. त्याला नव्या नोकरीचा उत्साह आहे, कल्पनेनंही ऐकू येतं.

१७ मार्च, रविवार

सकाळी वैदेहीची आई, कालिंदी, गच्चीवर पक्ष्यांसाठी पाण्याची परळ भरून आली. आपल्यालाच पाणी जपून वापरावं लागतंय, आणि ही कुणासाठी ठेवते कोण जाणे. या वर्षी मी एकही चिमणी ऐकलेली नाही. दुष्काळात पाखरंसुद्धा शहर सोडून गेली. तिला म्हटलं तर माझ्याकडं नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "टीव्ही बारीक करा. खालपर्यंत जातोय." हल्ली मालिकांतली माणसं पुटपुटतात, त्याला मी काय करू?

दुपारी सुलेखा आली होती. तिला सरळच विचारलं, आवाजावर एवढे संस्कार का केलेत? ती खाली मान घालून चहा ढवळत बोलत होती. म्हणाली, "नाय काका, उलट लई कमी केलं. मी आस मुद्दाम कापत नाही." आस कापत नाही म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. मुलगी कविता लिहिते, तसं काहीतरी असेल. पण वाक्य चांगलं आहे.

१९ मार्च, मंगळवार

गुलमंडीत मुजीबकडं गेलो. तीस वर्षांपूर्वी आमच्या 'बेसाल्ट' बँडचा तो ड्रमर. नाव मीच ठेवलं होतं. रॉक म्हणजे दगड, आणि आपल्याकडचा दगड बेसाल्ट. आता तो लग्नांना साउंड सिस्टिम पुरवतो. दोघं बोलत होतो तर शेजारच्या कापडवाल्यानं येऊन विचारलं, भांडण झालं का?

मी माझा मुद्दा मांडला. बोटाला घट्टे पडतात, तार तुटते, घाम येतो, चूक होते आणि ती सगळ्यांसमोर होते, म्हणून ते खरं. बटण दाबून येतं ते कसं खरं?

मुजीब हसला. "सीनू, अपन क्या असली थे रे? गाने गोऱ्यों के, बाल गोऱ्यों के. बिजली गई तो तेरा गिटार लकडी हो जाता था. याद है?"

याद आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला वीज गेली होती आणि मी अख्खा सोलो तसाच पूर्ण केला, कुणाला ऐकू न येता. पण बोटं तर चालत होती. बोटं खरी होती.

मुजीबनं अल्बम ऐकलाय. म्हणाला, "बच्ची गाती अच्छा. कान में आके बोली ऐसा लगता." हा कुठला अल्बम ऐकतोय, असं मला वाटलं.

२१ मार्च, गुरुवार

लेख लिहायला बसलो. पुन्हा पहिल्यापासून ऐकला, अंधार करून, मोठे हेडफोन लावून. कंटाळा येत नाही, हे नवल आहे. काहीतरी शोधतोय असं वाटतं आणि ते सापडत नाही. सुलेखाचा आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा येतो. स्वर आहेत, शब्दांच्या कडा नाहीत.

मग एकदम सुचलं, आणि तेच लेखाचं मध्यवर्ती वाक्य केलं: 'या गाण्यांत माणूस गातो आहे याची एकही खूण नाही. श्वास नाही. गायिकेचा श्वास यंत्राने पुसून टाकला आहे, आणि श्वास नसलेला आवाज हा आवाजाचा फोटो असतो.'

कठोर आहे, पण खरं आहे. मुलीचा अल्बम म्हणून गोड लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं.

२४ मार्च, रविवार

लेख छापून आला. मथळा त्यांनी दिला, 'श्वास हरवलेलं गाणं'. बरेच फोन आले. एक-दोन मला कळलेच नाहीत, फोन समोरच वाजत होता म्हणे.

वैदेहीनं उभ्या उभ्या वाचला. "बाबा, तू ऐकलास ना नक्की?" एवढंच म्हणाली.

"कितीदा तरी."

"हेडफोन लावून?"

"मोठे. तुझेच."

तिनं पेपर घडी करून परत दिला. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

३० मार्च, शनिवार

काकासाहेबांचा फोन. उस्मानपुऱ्यात त्यांचं छोटं सभागृह आहे. दर महिन्याला ऐकण्याची बैठक भरवतात. 'गॅप'चं पहिलं जाहीर सादरीकरण तिथंच ठरलं होतं. माझा लेख वाचून त्यांनी बेत बदलला. आता सादरीकरणाआधी चर्चा: यंत्रातून आलेलं गाणं कुणाचं? एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला वैदेही आणि सुलेखा. "चर्चा रंगली तर पुढं सादरीकरण ठेवू," म्हणाले.

वैदेहीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आधी परीक्षा." मग म्हणाली, "सुलेखाला विचारते." सुलेखानं हो म्हटलं. मला वाटलं, धीट आहे.

७ एप्रिल, रविवार

आज जे झालं ते नीट क्रमानं लिहितो, कारण मला ते पूर्ण कळलेलं नाही.

सभागृह भरलं होतं. दोन कूलर लावलेले. मी बोललो, चांगलं बोललो. घट्टे, घाम, चूक. टाळ्या पडल्या. वैदेही म्हणाली की पेटीसुद्धा एकेकाळी परकं यंत्रच होती. त्यालाही टाळ्या.

मग मागून कुणीतरी म्हणालं, गाऊन दाखवा ना मग, यंत्राशिवाय. काकासाहेब म्हणाले, "माईकही नको. हॉल लहान आहे." मला ते आवडलं नाही, मुलीला असं उभं करणं. पण गप्प बसलो.

सुलेखा उठून उभी राहिली. डोळे मिटले. ओठ हलायला लागले. मी वाट बघत होतो. कूलरची घरघर चालू होती. ओठ हलतच होते. मला वाटलं, सूर सापडत नसेल, मनातल्या मनात म्हणून बघत असेल. पोरीला मदत करावी म्हणून मी समोरच्या माईकवर म्हणालो, "येऊ द्या आवाज. की मशीन लावायचं?"

काही जण हसले. बाकीचं सभागृह एकदम थिजलं. सुलेखा थांबली. तिसऱ्या रांगेतून मुजीब म्हणाला, "सीनू, चुप बैठ." त्याचा आवाज मात्र मला स्वच्छ आला.

सुलेखानं पर्स उचलली. काकासाहेबांना नमस्कार केला आणि निघून गेली. सादरीकरण झालंच नाही.

माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "फार छान चाललं होतं हो तिचं." काय चाललं होतं?

वैदेही माझ्याकडं बघत होती. रागानं बघेल असं वाटलं होतं. पण ती माझ्या डोळ्यांकडं बघतच नव्हती. माझ्या कानाकडं बघत होती.

८ एप्रिल, सोमवार

संध्याकाळी वैदेही घरभर माझ्या मागं मागं. मी पेपर वाचत बसलो होतो. काही वेळानं सहज वळलो तर ती अगदी पाठीशी उभी, हातात किल्ल्यांचा जुडगा. हात हवेत.

"किल्ल्या कशाला गं?"

"काही नाही," म्हणाली आणि खुर्चीवर बसून रडायला लागली. कालिंदी दारात उभी होती. तिच्याही डोळ्यांत पाणी. दोघी कालच्या प्रकारानं दुखावल्या असणार. मी म्हटलं, मी सुलेखाची माफी मागेन. वैदेही म्हणाली, "माग. पण आधी माझ्याबरोबर एका ठिकाणी चल."

१२ एप्रिल, शुक्रवार

कान तपासले.

बंद खोलीत बसवलं, हेडफोन लावले. बाई म्हणाल्या, आवाज आला की बटण दाबा. सुरुवातीला दाबत होतो. नंतर बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, यंत्र बंद पडलं. काचेतून खूण केली. बाईंनी मान हलवली: चालू आहे.

मग आलेख दाखवला. दोन रेषा डावीकडून बऱ्या चालत येतात आणि अर्ध्यावर कड्यावरून पडल्यासारख्या खाली जातात. दोन्ही कानांच्या. खालचे आवाज चांगले येतात, वरचे नाहीत. स, श, फ, थ नाही. झांज नाही. फोनची घंटा नाही. "किती वर्षं आहे हे?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, आजपासून.

कालिंदी म्हणाली, "तीन-चार वर्षं झाली असतील. मी सांगत होते." सांगत होती. मला वाटायचं, ती पुटपुटते.

बाईंनी कारखान्याचं विचारलं. बँडचंही विचारलं. गिटारच्या अॅम्पसमोर उभं राहायचा का? मी म्हटलं, त्यातच तर मजा होती.

१५ एप्रिल, सोमवार

आज काही सुचत नाही. जेवताना वैदेहीनं काहीतरी विचारलं आणि मी 'हो' म्हटलं. नंतर लक्षात आलं की मी हल्ली सगळ्यालाच 'हो' म्हणतो. कशाकशाला 'हो' म्हणून बसलोय, कुणास ठाऊक.

२२ एप्रिल, सोमवार

मशिनं बसवली. कानामागं बसतात, एक बारीक नळी आत जाते.

मी बाईंना विचारलं, "यातून येतो तो खरा आवाज का?"

"खरा म्हणजे?"

"म्हणजे जसा बाहेर आहे तसा."

त्या म्हणाल्या, "मायक्रोफोन आवाज पकडतो, चिप तुमच्या आलेखाप्रमाणं वाढवते, बारीक स्पीकर आत सोडतो. तुमच्या मेंदूला सवय व्हायला वेळ लागेल. मग तोच खरा वाटेल."

"म्हणजे इलेक्ट्रॉनिक."

"हो. पूर्ण."

दवाखान्यातून बाहेर आलो तर रस्ता अंगावर आला. चपलेचा आवाज कुणाचा म्हणून मागं बघितलं, माझाच होता. पिशवी चुरचुरते. कालिंदी साडीच्या निऱ्या सावरते त्याचाही आवाज होतो, हे लग्नाच्या वेळी माहीत होतं, नंतर विसरलो असणार. सगळं पत्र्यासारखं लागतं, टोचतं. तरी काढवत नाही. दिवसभर घरातल्या वस्तू वाजवून बघत होतो. चमचा, कंगवा, काडेपेटी. कालिंदी म्हणाली, "रांगतं मूल झालंय घरात."

२८ एप्रिल, रविवार

आज 'गॅप' लावला. इतके दिवस धीर होत नव्हता.

मशिनं काढून हेडफोन लावले तर जुनंच. म्हणून मशिनं ठेवून वैदेहीच्या स्पीकरवर ऐकला. पहिल्याच गाण्यात, पहिल्या शब्दाच्या आधी, कुणीतरी खोलीत आल्यासारखं वाटलं. मी वळून दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं. सुलेखानं श्वास घेतला होता.

प्रत्येक ओळीच्या आधी तो आहे. काही ठिकाणी ओळ संपता संपता पुरत नाही, ते कळतं. एके ठिकाणी शब्दच नाही, नुसता श्वास, आणि खालचा ठोका त्याच्यासाठी थांबतो. मी घागर आणि उंबरा म्हणत होतो ते हे. ठोका तिची वाट बघत होता.

मग आठवलं. आस कापत नाही. श्वास. ती श्वास म्हणाली होती. माझ्याच घरात, माझा चहा पीत, लेख लिहायच्या आधी सांगून गेली होती.

१ मे, बुधवार

सुट्टी. पडेगावला गेलो. दौलताबाद रस्त्याला दोन्ही बाजूंनी नव्या इमारती उठल्यात, आणि प्रत्येक इमारतीसमोर टँकर. सुलेखा तिसऱ्या मजल्यावर राहते. खाली टँकरचा पाइप धरून उभी होती. मला बघून म्हणाली, "वर बसा काका, आले." मी खालीच थांबलो.

वर गेल्यावर मी सगळं सांगितलं. आलेख दाखवला. चूक झाली म्हटलं. तिनं शांतपणे ऐकलं. आई चहा ठेवून आत गेली.

मग सुलेखा म्हणाली, "कानाचं वैदेहीनं सांगितलं. त्याचं वाईट वाटलं मला. पण काका, तुम्हाला ऐकू आलं नाय, तर 'मला ऐकू आलं नाही' असं लिहायचं होतं. तुम्ही 'नाहीच' असं लिहिलं."

मी आलेख घडी करून खिशात ठेवला.

"आमच्याबद्दल असं लिहायची लोकांना लई सवय आहे," ती म्हणाली. "त्यांना दिसलं नाय की ते नसतंच."

आमच्या म्हणजे कुणाच्या, गायिकांच्या की नव्या पिढीच्या, हे मला नीट कळलं नाही. आज मात्र ऐकायला स्वच्छ आलं होतं. विचारायला हवं होतं. निघताना भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं लक्ष गेलं, आणि जिना उतरताना ते वाक्य पुन्हा पुन्हा येत राहिलं. अजून येतंय.

५ मे, रविवार

पुरवणीत माझी छोटी टीप आली. संपादकांना ती फार सपक वाटली. ते म्हणाले, बहिरेपणावर मोठा लेख लिहा, वाचक रडतील. मी नाही म्हटलं. एवढंच दिलं: 'गॅपमध्ये श्वास नाही असे मी लिहिले होते. मला तो ऐकू आला नव्हता. तो आहे.'

काकासाहेबांनी जूनमधली तारीख देऊ केली. सुलेखानं नकार दिला. तिच्या इमारतीच्या गच्चीवर करणार आहेत दोघी. मुजीब स्पीकर देतोय. मला अजून बोलावणं नाही. मुजीब म्हणाला, "तू तार पकडने को आ जा." बघू.

१२ मे, रविवार

दुपारी सुलेखा आली. लेखानंतर पहिल्यांदाच. वैदेहीनं बोलावलं होतं, कशाला ते मलाही सांगितलं नव्हतं.

वैदेहीनं माझा आलेख संगणकात घातला होता. जिथं माझी रेषा पडते तिथं गाण्यातूनही तेवढंच काढून टाकलं. म्हणजे मशिनांशिवाय मला जसा ऐकू येतो, तसा अल्बम. तिनं सुलेखाच्या कानांवर हेडफोन ठेवले आणि तिसरं गाणं लावलं.

मी समोर बसलो होतो. सुलेखा भुवया आवळून ऐकत होती. एकदा तिनं हेडफोन घट्ट दाबले, जसे मी दाबायचो. गाणं संपलं तरी काढले नाहीत.

"मी आहेच कुठं यात?" ती म्हणाली.

वैदेहीनं पडद्यावरच्या माझ्या रेषेकडं बोट केलं.

सुलेखानं माझ्याकडं पाहिलं. "काका, हे असं ऐकत होता तुम्ही? पूर्ण अल्बम?"

"हो."

"एकदाच?"

"नाही. रोजच. बसमध्ये, घरी. लेखानंतरही."

"यात काय ऐकायचात पण? काही तर नाय यात."

मी म्हटलं, "खालचा ठोका आहे ना. तिसऱ्या गाण्यातला. तो एके ठिकाणी थांबतो. का थांबतो ते मला समजत नव्हतं, म्हणून परत लावायचो."

तिनं हेडफोन काढून ठेवले. मग म्हणाली, "वाजवून दाखवा."

गिटार आणायला उठलो तर म्हणाली, "तिच्यावर नको. याच्यावर." आणि वैदेहीचा छोटा कीबोर्ड माझ्यापुढं सरकवला. मी त्याला कधी हात लावला नव्हता. वैदेहीनं कोणती पट्टी ते दाखवलं. मी एका बोटानं सुरू केलं. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा ठोका लागला, चालला, आणि त्या जागी आल्यावर मी बोट उचलून थांबलो.

सुलेखानं श्वास घेतला आणि गायला लागली.

वैदेहीचा हात रेकॉर्ड करायला माऊसकडं गेला. सुलेखानं गाता गाताच मान हलवून तिला नको म्हटलं. वैदेहीनं हात मांडीवर घेतला. आम्ही गाणं शेवटपर्यंत नेलं. मी पुढं दोन जागी उशिरा थांबलो, आणि दोन्ही वेळा ती माझ्यासाठी थांबली.